दोन जादा दारं आणि आकाराम गुरव

सायलेन्सर परत बसवा, एवढंच माझं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी म्हणालो आणि पुढे तीन महिने म्हणत राहिलो. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझं न ऐकणाऱ्या माणसांची मला सवय आहे. पण ती निदान वर्षाच्या शेवटी नापास तरी होतात. बाळासो इंगवले कधी नापास होत नाहीत.

बाळासो कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी. १९८६ साली मुंबईच्या गोदीत लिलावाला निघालेली एक लाल जपानी गाडी त्यांनी उचलून आणली. दोन दारांची, बसकी, मागे जेमतेम दोन माणसं मावतील अशी. गोमटेश चौगुल्याच्या गॅरेजात तिचं बॉनेट उघडलं, तेव्हा निम्मं उद्यमनगर बघायला लोटलं, कारण त्या इंजिनात पिस्टनच नव्हते. ज्यांची हयात ऑइल इंजिनं ओतण्यात गेली, ती माणसं बॉनेटात डोकी घालून पिस्टन शोधत होती.

"पिस्टन न्हाय म्हंजे? मग आत हलतंय काय?"

गोमटेशनं सांगितलं की आत फुगलेल्या समोशासारखा एक लोखंडी त्रिकोण आहे आणि तो गरागरा फिरतो. एक म्हातारा फोरमन बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग हे इंजिन न्हवं. जातं हाय." आणि निघून गेला.

गाडी पळायची मात्र झकास. बाळासोंची तक्रार वेगळीच होती. गाडी आवाज करत नव्हती.

"आलो कवा नि गेलो कवा, कुणाला पत्त्या न्हाय," ते गोमटेशला म्हणाले. "चोरावाणी फिरतोय मी साऱ्या गावात. माझीच गाडी असून."

गोमटेश गुणी कारागीर, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. त्यानं सायलेन्सर कापून काढला आणि सरळसोट पाइप बसवला. आता गाडी उद्यमनगरात सुरू झाली की रंकाळ्यावर भेळ खाणारे वळून बघू लागले. बाळासो खूश झाले. सायलेन्सर गोमटेशच्या आईनं, अक्काताईंनी, न्हाणीत घंगाळाखाली ठेवायला नेला.

आठवड्यातच लक्षात आलं की गाडीचा दम गेला आहे. बाजारपेठेतून हिंडायला ठीक, पण वेग चढवला की एका ठरावीक जागी ती ढेपाळायची. नेमक्या याच आठवड्यात बाळासोंचे साडू हंबीरराव यांनी विषय काढला. हंबीररावांकडे लांबलचक अमेरिकन गाडी होती, आणि दोन साडवांमधली इर्षा अख्ख्या गूळ मार्केटला ठाऊक होती. बाळासोंच्या मुलीचं, पद्मजाचं, लग्न ठरलं होतं. याद्या करायच्या बैठकीत हंबीरराव सगळ्यांसमक्ष म्हणाले, "दाजी, तुमचं ते शिलाई मशीन पन्हाळा चढंल काय ओ?"

झालं. पैज लागली. वाघबीळपासून वर पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. हरणाऱ्यानं पद्मजाच्या लग्नात पंगतीत आमटीची बादली घेऊन फिरायचं.

मग गोमटेश गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. मी दोन संध्याकाळी बसून ते वाचलं आणि गॅरेजात जाऊन बाळासोंना समजावून सांगितलं. या इंजिनाला हवा आत घ्यायला सहा दारं आहेत. चार कायम उघडी असतात. दोन जादा दारं फक्त वरच्या वेगाला उघडतात, तेव्हा इंजिन पोटभर श्वास घेतं. ही दोन दारं कोण उघडतं? मागच्या पाइपात धूर तुंबून जो दाब तयार होतो, तो. आणि धूर कशानं तुंबतो? सायलेन्सरनं.

"तर सायलेन्सर परत बसवा," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे."

बाळासोंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, एकदा काढलेला सायलेन्सर परत बसवायचा? हंबीरराव काय म्हणंल? साऱ्या गावानं आवाज ऐकलाय की माझा."

गोमटेश म्हणाला, "आणि आमच्या आईनं तो न्हाणीत घेतलाय. आता ती सोडायची न्हाय."

म्हणजे दारं उघडायची, पण सायलेन्सर नको. मी सुचवलं, तार लावून हातानं ओढा. त्यावर बाळासो भडकले. "जनावर हाय व्हय ती, वेसण घालून ओढाय?" गोमटेशनं सायकलचा पंप जोडून पाहिला. दट्ट्या दाबला की दारं उघडत, सोडला की मिटत, आणि गाडी उचक्या देत चालली. मग भजनी मंडळाच्या पेटीचा भाता आणला. त्याचा दाब पुरेना, शिवाय गुरुवारचं भजन पेटीविना झालं म्हणून मंडळानं गोमटेशशी अबोला धरला.

शेवटी मी कॉलेजातून काचेची वाकडी नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि मोजलं. दारं उघडायला दोन फूट पाणी वर उचलेल एवढाच दाब लागत होता. एवढा दाब माणूस तोंडानं देऊ शकतो. हे मी नुसतं माहितीखातर बोललो. फिजिक्सच्या माणसानं माहितीखातर काही बोलू नये, हे मला तेव्हापासून कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तीन प्रौढ माणसं आळीपाळीनं एका रबरी नळीत फुंकत होती. बाळासोंनी चार सेकंद दम धरला आणि त्यांना घेरी आली. गोमटेशनं सहा धरला. मी किती धरला हे सांगायची गरज नाही.

तेवढ्यात दारात एक उंच, वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, काळी टोपी, हातात सनई. तिच्या टोकाचा पितळी पेला निखळला होता, तो झाळून घ्यायला आला होता. त्यानं थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं.

"काय ओ पावणं," तो म्हणाला, "जत्रंतला फुगा फुगीवताय काय?"

गोमटेशनं सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्यानं नळी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि तोंडात धरली. माझ्या काचेतलं पाणी दोन फूट वर चढलं आणि तिथंच थांबलं. एक मिनिट झालं. दोन झाली. गोमटेश चहा सांगून आला. म्हाताऱ्याचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि पाणी केसभरही हललं नाही.

"बास," मी म्हणालो. मलाच भीती वाटायला लागली.

"गालात साठवायचं नि नाकानं घ्याचं," तो म्हणाला. "आत जातंय, भाईर येतंय, मधी तुटत न्हाय. त्यात काय इशेष न्हाय."

त्याचं नाव आकाराम गुरव. थोरला भाऊ सनई वाजवायचा आणि आकाराम मागे बसून सूर धरायचा. चाळीस वर्षं त्यानं एकच सूर वाजवला होता. भाऊ चार वर्षांमागे गेला. आता मंगल कार्यालयात सनईची कॅसेट लावत. नुसता सूर धरणाऱ्याला एकट्याला कोण बोलावणार? तरी तो दर सोमवारी सनई पुसायचा, तेल लावायचा आणि ठेवून द्यायचा.

बाळासोंनी तिथल्या तिथं त्याला ठरवलं. आकारामनं बिदागी नको म्हणून सांगितलं. त्याची एकच अट होती.

"तुमच्या ताईच्या लग्नात कॅसेट लावायची न्हाय. मी बसणार. भावाचं जेवढं येतंय तेवढं वाजवीन. एकदाच. मग मरायला मोकळा."

बाळासोंनी नवा अँप्लिफायर आधीच सांगून ठेवला होता. ते जरा घुटमळले. "जितलो तर," म्हणाले.

"जितलो तरच," आकाराम म्हणाला.

त्यानंतर दोन महिने कोल्हापूरच्या रस्त्यांवर जे चाललं होतं, ते मी कॉलेजातल्या कोणालाही सांगितलं नाही. पुढे बाळासो गाडी चालवत. मागच्या सीटवर आकाराम तोंडात नळी धरून बसे आणि शेजारी मी, मांडीवर काचेची नळी आणि पाणी घेऊन. गाडीतलं वजन कमी करायचं म्हणून गोमटेशनं जादा चाकसुद्धा काढून ठेवलं होतं, पण माझं वजन कुणी मोजलं नाही.

दारं वेळेआधी उघडली तर गाडी रुसायची, उशिरा उघडली तर दम गेलेला असायचा. कधी फुंकायचं हे मी काट्याकडे बघून सांगणार होतो. आकारामला माझी गरजच पडली नाही. तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा. "काळी चारला आली की फुकायचं," तो म्हणायचा, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीइतका इंजिनाचा सूर चढला की. मी काटा तपासला. दर वेळी नेमकं चार हजार फेऱ्यांवर त्याचे गाल फुगत.

एकदा शिये नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली आणि आत वाकून पाहिलं.

"मागं बसून काय वडायलाईस रं म्हाताऱ्या? हुक्का?"

"वडत न्हाय सायेब, फुकतोय."

"काय फुकतोस?"

"गाडी," बाळासो अभिमानानं म्हणाले.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा घातलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, मांडीवर पाण्याची नळी. त्यानं आणखी काही विचारलं नाही.

अक्काताई आकारामला रोज मिरीचा काढा पाजत. बाळासोंनी त्याला मिसळ आणि तांबडा रस्सा बंद केला. आकारामला कोणी तरी दटावतं आहे, याचंच त्याला अप्रूप होतं. साठीचा माणूस, पण गॅरेजात यायचा तो टोपी धुऊन, मिशी विंचरून. मला त्याचा लळा लागला होता, हे मान्य करतो.

पैजेच्या आदल्या गुरुवारी आम्ही शेवटची तालीम म्हणून पूर्ण घाट चढलो. वरच्या लांब चढावर आकारामचा दम तुटला. काचेतलं पाणी खाली आलं, गाडी ढेपाळली. तो खोकत खोकत खिडकीला टेकला. बाळासोंना वाटलं गिअर चुकला. वर पोचल्यावर ते उतरले तेव्हा आकारामनं माझं मनगट धरलं. बाळासोंना तो आण्णा म्हणायचा.

"सर, आण्णांस्नी सांगू नगा. जितायचंय मला."

मला झोप लागली नाही. शुक्रवारी मी गोमटेशकडे गेलो आणि म्हणालो, पाइपाच्या जोडात एक लोखंडी रिंग बसव. मधलं भोक बारीक ठेव. आवाज तेवढाच राहील, धूर मात्र थोडा तुंबेल आणि दारं आपोआप उघडतील. आकारामची नळी खालून बोल्ट घालून बंद कर. तो फुंकत राहील, जिंकेल, लग्नात वाजवेल. कुणाला कळायचं काही कारण नाही.

गोमटेशनं लेथवर अर्ध्या तासात रिंग काढली. ती बोटावर फिरवत त्यानं विचारलं.

"सर, हे पहिल्या दिवशी सुचलं आस्तं तर?"

मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

रविवारी सकाळी वाघबीळला दोनशे माणसं जमली होती. हंबीररावांची गाडी रस्ताभर पसरली होती. रुमाल पडला आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणाला इंजिन काळी चारला आलं, आकारामचे गाल फुगले, आणि गाडीनं अशी उसळी घेतली की माझं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. वरच्या लांब चढावर मी चोरून त्याच्याकडे पाहिलं. घामानं टोपी ओली झालेली, मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांतून पाणी, पण फुंक सुटली नव्हती. नाक्यावर आम्ही अर्ध्या गाडीनं पुढे होतो.

लोकांनी आकारामला खांद्यावर घेतलं. गुलालाच्या धुरळ्यात बाळासो ओरडत होते, "लग्नात कॅसेट न्हाय! आकाराम गुरव हाय!" हंबीररावांनी सरळ मला विचारलं की ह्यो बाबा आम्हाला मिळंल काय. मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी येऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्यांना विचारलं होतं का तुम्ही?" मी म्हणालो, तुला फिजिक्स कळत नाही.

सोमवारी आकाराम माझ्याकडे आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"सर, काल नळी बंद हुती न्हवं?"

मी पुन्हा खुर्ची पुढे सरकवली.

"रोज ती फुक गिळायची. दारं उघडली की ओठाला जरा ढिली लागायची. काल भिंतीवर फुकल्यावाणी वाटत हुतं. पहिल्या वळणालाच कळलं."

"मग फुंकत का राहिलात?"

"आण्णा आरशातनं बघत हुते की." त्यानं टोपी सारखी केली. "गाडी तुमी जितवलीसा. बरं केलंसा. पर माझी अट मी जितलो तर अशी हुती."

मी त्याला खूप समजावलं. दम कुणाचाही तुटतो म्हणालो, कुणाला ठाऊक नाही म्हणालो, तुमचाच विचार केला म्हणालो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ गेल्यापास्नं माझ्या फुकीवाचून कुणाचं आडलं न्हवतं. हितं आडलंय आसं वाटलं." आणि पायात चपला सरकवून गेला. बाळासोंना त्यानं छातीत दुखतं, लग्नात वाजवणं जमणार नाही, असं सांगितलं. माझं नाव काढलं नाही. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच्या तोंडातला घास काढून घेतला होता, आणि तोही मदत म्हणून.

महिन्याभरानं लग्न झालं, आणि कॅसेट लागली. छान वाजली, खोटं कशाला बोलू. हंबीरराव आमटीची बादली घेऊन फिरत होते आणि मुद्दाम बाळासोंच्या ताटात तीनदा वाढत होते. आकाराम शेवटच्या रांगेत आहेराचा टॉवेल मांडीवर ठेवून बसला होता. अंतरपाट दूर झाला आणि सनईचा आवाज चढला, तेव्हा मी पाहिलं, त्याचे गाल किंचित फुगले होते.

मला ते बघवलं नाही. मी उठलो, मांडवामागे गेलो आणि गोमटेशकडून पाना मागून घेतला. पद्मजाला नेसरीला सासरी पोचवायला हीच गाडी फुलं लावून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीखाली उताणा पडलो. गोमटेश वरून सांगत होता आणि मी खोलत होतो. रिंग काढली. नळीतला बोल्ट काढला. बाहेर आलो तेव्हा माझा रेशमी झब्बा झब्बा राहिला नव्हता.

मी तसाच मांडवातून शेवटच्या रांगेपर्यंत गेलो आणि रिंग आकारामच्या हातात ठेवली.

"काढली," मी म्हणालो. "बोल्टपण काढलाय. मुलीला नेसरीला न्यायचंय. वाटेत तवंदीचा घाट आहे. दारं उघडायला कोणी नाही."

त्यानं रिंग उलटसुलट करून पाहिली, मग माझा झब्बा पाहिला. मुलगी दुसऱ्या गिअरातही रडत रडत नेसरीला पोचली असती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"तालीम न्हाय झाली म्हैन्यात," तो म्हणाला. आणि उठला.

मग खरी लढाई झाली. गाडीत मागे दोनच जागा. एक नवरीची, दुसरी पाठराखिणीची. पाठराखीण म्हणून पद्मजाची आत्या झुंबरबाई आधीच पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"म्या उतरू? आणि पाठराखीण म्हणून ह्यो बाप्या जाणार? सासरची काय म्हणतील?"

"आत्या, तुमाला दोन फूट पाणी उचलाय येतंय काय?" गोमटेशनं विचारलं.

झुंबरबाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ती उतरली, पण आम्हा सगळ्यांचा उद्धार करूनच. बाळासोंना काय चाललंय ते नीट कळलं नाही. आकाराम आला एवढंच त्यांनी पाहिलं आणि डोळे पुसले. नवरामुलगा पुढे बसला, गोमटेशनं गाडी सुरू केली आणि निम्म्या कोल्हापुरानं वळून पाहिलं.

पुढचं मला गोमटेशनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. निपाणीपर्यंत पद्मजा रडतच होती. तवंदीचा घाट लागला, इंजिन काळी चारला आलं आणि आकारामनं नळी तोंडाला लावली. दारं उघडली. "गाडी अशी उठली सर, नवरदेवानं डोळंच मिटलं." दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणावर म्हाताऱ्याचा दम तुटला. खोकल्यानं तो दुमडला, नळी हातातून सुटली आणि गाडी ढेपाळायला लागली.

पद्मजानं रडणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग नळी उचलली, शालूच्या पदरानं पुसली आणि फुंकायला लागली. चार सेकंदांत तिचा दम संपला. बापावर गेली होती.

आकाराम खोकत खोकत तिच्याकडे वळला.

"ताई, मगापास्नं हुंदका आत घेताय न्हवं? तसंच नाकानं घ्या. गालातलं सोडू नगा."

तिनं तसं केलं. घाटमाथ्यापर्यंत दारं मिटली नाहीत, असं गोमटेश सांगतो.